जर्मन बंदुकीची मागची खाच

३ डिसेंबर २०२४, मंगळवार

बियाण्याच्या कंपनीकडून ह्यांच्या दुकानात दरवर्षी डायरी येते. यंदाची कपाटात कोरीच पडली होती. वर्ष संपायला आलं तेव्हा मी ती उघडली आहे, कारण आजची गोष्ट मला कोणाला सांगता येणार नाही. ह्यांना सांगितली तर म्हणतील, "एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसलीस?"

एवढीशी गोष्ट अशी, की मामाजींनी आपली जर्मन बंदूक प्राजक्ताला दिली.

मी बावीस वर्षांपूर्वी बाळापूरहून लग्न होऊन अमरावतीला आले, तेव्हा या घराच्या पुढच्या खोलीतल्या दुकानात सासरे, म्हणजे मामाजी, छर्ऱ्याच्या बंदुका दुरुस्त करत बसलेले असायचे. नळी मधोमध वाकवायची, छर्रा बसवायचा, नळी सरळ करून चाप ओढायचा. आत बारूद नाही, नुसती स्प्रिंग आणि हवा. जत्रेतल्या फुगेवाल्यांच्या बंदुका, शाळांच्या, संत्र्याच्या बागायतदारांच्या. दोन्ही मुलांना त्यात रस नव्हता. मला होता. मी शिकले.

जर्मन ही मामाजींची स्वतःची. परतवाड्याच्या एका फॉरेस्टच्या साहेबाकडून घेतलेली, तिच्यावर त्यांनी जिल्ह्यात नंबर काढले. घरात तिला हात लावायची परवानगी फक्त मला. दर दसऱ्याला तिचा वॉशर मी बदलते. चामडं गोल कापायचं, वाटीसारखं दाबायचं, तेलात मुरवायचं.

१९ जानेवारीला अकोल्यात जुन्या बंदुकांची स्पर्धा आहे. छर्रा मात्र लहानच हवा, आणि जर्मन मोठ्या छर्ऱ्याची. म्हणजे नळी बदलायची, स्प्रिंग बदलायची, नेम धरायची पुढची माशी आणि मागची खाच नव्यानं बसवायची. मला वाटलं होतं आम्ही दोघं मिळून करू. मी एक नळी शोधूनही ठेवली होती. परवा माझा दीर नितेश अकोल्याहून आला आणि जाताना बंदूक गाडीत टाकून घेऊन गेला. त्याची बायको करणार म्हणे. प्राजक्ता. लग्नाला तीन वर्षं, मेकॅनिकलचा डिप्लोमा.

आज धीर करून विचारलं. "मामाजी, मी होती ना?"

"तिच्यापाशी लेथ हाय, हर्षा. तुह्यापाशी काय हाय?"

हे बोलताना त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलंही नाही. माझ्या कानाकडे पाहत होते. मन खात असलं की माणूस असंच पाहतो.

७ डिसेंबर, शनिवार

वरूडचे खुशालराव आले. बागेत वानरं हाकलायला आवाज काढण्यापुरती त्यांनी बंदूक ठेवली आहे. टेबलावर ठेवली तशी तिच्यातून खोबरेलाचा वास.

"जाम झाली होती," म्हणाले. "म्हणून आतमंदी खोबरेल सोडलं. अर्धी वाटी."

"अन् मंग?"

"मंग काय! चाप वढला तं दिवायी. धूर निंगाला बाप्पा. बायको म्हणे, बंदूक आणली का तोफ."

"डोक्याले लावाचं तेल बंदुकीले काहून लावलं, खुशालराव?"

"माह्या डोक्यावर आता कुठी लावू?" असं म्हणून त्यांनी टोपी काढून टक्कल दाखवलं. मी खूप हसले. जास्त तेल गेलं की दाबलेल्या हवेनं ते आतच पेटतं आणि स्प्रिंग मोडते. ती मोडलीच होती.

मी सगळं समजावून सांगितलं. ते ऐकत होते, पण नजर आतल्या दाराकडे. शेवटी म्हणाले, "ते व्हिडिओवाली सूनबाई कुठी हाय? तिले दाखवली असती म्हणतो एकडाव."

प्राजक्ता मोबाईलवर व्हिडिओ टाकते. बंदूक उघडून एकेक भाग पांढऱ्या कापडावर मांडते. हात छान आहेत तिचे. मेहंदी काढायला धुतल्यासारखे स्वच्छ. माझ्या नखांतलं तेल बावीस वर्षांत निघालेलं नाही.

खुशालरावांना सांगितलं, ती अकोल्याला असते. मग त्यांनी बंदूक माझ्याकडेच ठेवली.

१२ डिसेंबर, गुरुवार

मामाजींनी आज चहा बशीच्या बाहेर ओतला. मी जवळून गेले म्हणून हात हलला म्हणे. मी तर ओट्यापाशी होते.

हल्ली माझं सगळंच चुकतं.

१५ डिसेंबर, रविवार

नितेश-प्राजक्ता आले. जर्मन घेऊन. नवी नळी बसवून झाली आहे. बंदूक डोळ्यांना फार सुंदर दिसली आणि त्याचंच वाईट वाटलं.

प्राजक्ता मामाजींच्या डाव्या हाताला बसते. जेवताना, दुकानात, सगळीकडे. आल्या आल्या स्टूल ओढून डावीकडे. मी त्यांना बावीस वर्षं मामाजी म्हणते. ती पहिल्या दिवसापासून बाबा म्हणते.

दुपारी दोघं मागच्या अंगणात गेली आणि दार ओढून घेतलं. गल्लीच्या भिंतीपर्यंत बरोबर दहा मीटर भरतात, तिथे आम्ही पुठ्ठा लावतो. मी स्वयंपाकघरात भाकरी थापत होते. एक बार व्हायचा, मग तिचं हळू आवाजात काहीतरी बोलणं, मग पुन्हा बार. प्रत्येक छर्ऱ्यानंतर बोलणं. असं काय असतं एवढं बोलण्यासारखं? मला ते शिकवायचे तेव्हा तास तास शब्द निघत नसे. "नेम धरून राहिलं की तोंड बंद," असं मलाच सांगायचे. तिचं कौतुक ऐकायला मात्र त्यांना प्रत्येक बारानंतर वेळ आहे.

निघताना ती म्हणाली, "ताई, आत वॉशर तुमच्याच हातचा टाकला. मी रबरी सील बसवून पाहिलं होतं. बाबा म्हणाले, हा आवाज जर्मनचा नाही."

म्हणजे मी जुन्या सामानापुरती. हसून "बरं" म्हटलं.

२७ डिसेंबर, शुक्रवार

काल मामाजी गुरुकुंज मोझरीला जातो म्हणून सकाळीच गेले, संध्याकाळी आले. आज शर्ट धुवायला घेतला तर खिशात एसटीचं तिकीट. अमरावती ते अकोला. मोझरीचा रस्ता अगदी दुसऱ्या बाजूला.

खोटं बोलून तिच्याकडे गेले होते.

तिकिटाबरोबर एक इवलीशी प्लास्टिकची बाटली होती, थेंब टाकायची, संपलेली. बंदुकीचं कसलं तरी नवं तेल असणार. प्राजक्ताला असल्या वस्तू मागवायची हौसच आहे. हुंगून पाहिली, कसलाच वास नाही. असल्या तेलानं काय वंगण होणार?

शर्ट वाळत घातला. मन मात्र दिवसभर पिळून ठेवलेल्या कपड्यासारखं.

४ जानेवारी २०२५, शनिवार

नवी डायरी अजून आलेली नाही. हिच्याच मागच्या कोऱ्या पानांवर लिहिते.

हेवा वाटतो हे मी आज स्वतःशी कबूल केलं. पंचेचाळीस वर्षांची बाई, मुलगी पुण्याला कॉलेजात, आणि हेवा कसला तर सासऱ्यानं धाकट्या सुनेला बंदूक दिली याचा! कोणाला सांगितलं तर हसतील.

पण मी आले तेव्हा या घरात मला कोणी काही विचारत नसे. सासूबाई होत्या, त्यांचं स्वयंपाकघर होतं, त्यात माझी जागा भांडी घासण्यापुरती. एका दुपारी मामाजींनी हाक मारली, "हर्षा, हे धर." हातात स्प्रिंगचं टोक दिलं. "सोडू नोको, नाईतं कपाळ फुटंन." मी धरून राहिले. बोटं पांढरी पडली. त्यांनी पिन बसवली आणि म्हणाले, "तुह्या हाताले अक्कल हाय." माहेरीही मला कोणी असं म्हटलं नव्हतं.

तेव्हापासून मी पक्कं बसवलेल्या प्रत्येक स्क्रूवर नखाला लावायच्या लाल पॉलिशचा एक ठिपका देते. स्क्रू हलला तर ठिपका तुटतो, लगेच कळतं. ही माझी पद्धत. मामाजींनीही मानली.

मी त्यांच्यासाठी काय केलं नाही? दीड वर्षापूर्वी ते राजापेठेत स्कूटरसकट पडले. म्हणाले, समोरची रिक्षा दिसलीच नाही. किल्ली मीच लपवली. पंधरा दिवस बोलले नाहीत, पण जीव वाचला ना? आणि आता पेपरसुद्धा माझ्याकडून वाचून घेत नाहीत. मोबाईलवर बातम्या ऐकतात, तोंड खिडकीकडे करून.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. प्राजक्ता बंदूक घेऊन आली. आता बंदूक इथेच राहणार, रविवारी आपण घेऊन जायची.

मी उचलून पाहिली. नळी वाकवली तर किती नरम! पूर्वी जर्मनची नळी वाकवायला दंडात जोर लागायचा. दस्त्यावर गाल टेकतो तिथे चामड्याची जाड पट्टी चिकटवली आहे, गालफुगीसारखी. मी म्हटलं, "स्प्रिंग हलकी टाकलीस?"

"हो. दहा मीटरला पुरते ताई. खांद्याला त्रास नको."

"मामाजींच्या खांद्याला कधी त्रास नव्हता."

तिनं मामाजींकडे पाहिलं. मामाजी तिळगुळाची वाटी चाचपत होते. ती वाटी तिनं त्यांच्या हाताखाली सरकवली. इतकी सेवा!

जाताना दारात मला म्हणाली, "ताई, हिला कोणी हात नका लावू देऊ हं. बाबांच्या हाताला बसवली आहे."

माझ्याच घरात, माझ्याच दुकानात, मला सांगते. कोणी म्हणजे कोण? घरात माझ्याशिवाय बंदुकीला हात लावतं कोण?

१६ जानेवारी, गुरुवार

खरं खरं लिहिते.

मामाजी कटिंगला गेले. मी जर्मन अंगणात नेली, पुठ्ठा लावला, दहा छर्रे मारले. बावीस वर्षांत माझा हात चांगला बसला आहे, बंदूक टेकवून मारते तेव्हा हलत नाही. दहाही छर्रे डावीकडे. एक बोटभर डावीकडे, सगळे एका ठिकाणी.

मागची खाच पाहिली. मध्यावर नाहीच, पार डावीकडे सरकलेली. लेथ आहे, डिप्लोमा आहे, हजारो लोक व्हिडिओ पाहतात, आणि खाच मध्यावर बसवता आली नाही.

मला आनंद झाला. इतका की मी तिथेच पायरीवर बसून राहिले. मनात पहिल्यांदा काय आलं तेही लिहिते. तशीच राहू दे. रविवारी सगळ्यांसमोर छर्रे डावीकडे जातील, मग कळेल कोणाच्या हाताला अक्कल आहे.

मग मामाजींचा चेहरा डोळ्यांसमोर आला आणि लाज वाटली. त्यांची किती वर्षांनी स्पर्धा आहे! मी खाच उजवीकडे घेतली. एकेक खटका, छर्रा मारून पाहत. सहा खटक्यांना छर्रा बरोबर मध्ये. स्क्रू आवळला आणि सवयीनं वर लाल ठिपकाही दिला. पुसून टाकावा असं एकदा वाटलं. राहू दिला.

मामाजींना सांगितलं नाही. नंबर आला की मग सांगेन, हसत हसत, तिच्यासमोर. ती चुकली तिथे मी सांभाळून घेतलं, असं. फार दिवसांनी आज पोटभर जेवले.

१९ जानेवारी, रविवार. अकोला

जठारपेठेत, नितेशच्या घरी. सगळे हॉलमध्ये आहेत, मी आतल्या खोलीत लिहिते आहे.

मंगल कार्यालयाच्या मागच्या मैदानात स्पर्धा होती. सतरा जण, बंदुका एकीपेक्षा एक जुन्या. मामाजींनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. लोक येऊन त्यांच्या पाया पडत होते. एकानं विचारलं, "उत्तमराव, जर्मन अजून जित्ती हाय?" मामाजी म्हणाले, "माह्यापेक्षा तिचीच तब्येत बरी हाय."

प्राजक्ता त्यांच्या डावीकडे उभी राहायला गेली, तर स्पर्धा भरवणाऱ्या मंडळाच्या माणसानं तिला रेषेमागे जायला सांगितलं. मला बरं वाटलं.

दहा छर्रे. प्रत्येक वेळी चाप ओढल्यावर मामाजी मान किंचित डावीकडे वळवत आणि थांबत, कोणी काही सांगेल म्हणून थांबावं तसे. कोणी काही बोललं नाही.

शंभरपैकी एकतीस.

माईकवर आकडा वाचला तेव्हा मैदानात कोणी टाळीही वाजवली नाही. दहाही भोकं उजवीकडे, मध्यापासून एका बोटाच्या अंतरावर.

मामाजी बंदूक खाली ठेवून म्हणाले, "झालं. गेला डोया." ह्यांनी विचारलं, "कोणता डोळा, बाबा?" तेव्हा नितेशनं खाली पाहत सांगितलं. उजव्या डोळ्याचा पडदा मधोमध खराब झाला आहे. दीड-दोन वर्षं. सरळ पाहिलं की मध्ये काळा डाग, बाजूनं पाहिलं तरच दिसतं. महिन्याला अकोल्यात डोळ्यात इंजेक्शन घेतात. प्राजक्ता घेऊन जाते. डावा अजून बरा आहे, पण सगळा जन्म उजव्यानं नेम धरला, आता डाव्यानं जमत नाही.

म्हणजे त्यांचे छर्रे आपोआपच उजवीकडे जात होते. तिनं खाच तेवढीच डावीकडे घेतली होती. प्रत्येक बारानंतर ती कौतुक करत नव्हती. छर्रा कुठे लागला ते सांगत होती.

मी पुठ्ठा काढून आणला आणि पर्समध्ये घातला. का, ते माहीत नाही.

प्राजक्तानं बंदूक उचलली, खाच पाहिली. बराच वेळ पाहत होती. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "वाटेत धक्का लागला असेल, बाबा. माझंच चुकलं, स्क्रू नीट आवळला नसेल."

मामाजी म्हणाले, "स्क्रूले काहून नावं ठेवतं, पोरी. डोयाच गेला."

आणि मी तिथेच उभी होते.

२० जानेवारी, सोमवार

अमरावतीला परत आलो. मामाजींनी दुकान उघडलं नाही.

माझ्यावर राग काढण्याइतकंही त्यांना काही माहीत नाही.

२२ जानेवारी, बुधवार

मामाजींनी जर्मन जुन्या धोतरात गुंडाळली. ह्यांना म्हणाले, "येत्या रविवारी अकोल्याले नेऊन दे. मंडळाच्या काचेच्या कपाटात ठेवा म्हणा. पोट्टे पाहतीन."

"कपाटात?" मी म्हटलं. "मामाजी, ते चालती बंदूक हाय."

"चालवणारा पाहिजे ना."

तेव्हा बोलायला हवं होतं. तोंडापर्यंत आलं. दीड वर्ष त्यांनी माझ्यापासून लपवलं, तिला सांगितलं. मी परकी, ती आपली. त्या रागानं पुन्हा तोंड मिटलं. इतकं झाल्यावरही हेवाच. मला माझीच भीती वाटली.

२३ जानेवारी, गुरुवार

प्राजक्ताला फोन केला. मी काही म्हणायच्या आत ती म्हणाली, "ताई, मला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"स्क्रूवर लाल ठिपका होता. असा ठिपका अख्ख्या वऱ्हाडात एकच बाई देते."

"मग धक्का लागला असं का म्हणालीस?"

"काय म्हणू मग? सगळ्यांसमोर?" मग ती म्हणाली, "तुम्ही मुद्दाम वाईट करणार नाही, एवढं कळतं मला. ताई, बाबा माझ्या घरी येतात ना, तेव्हा दिवसभर तुमचंच असतं. हर्षा अशी स्प्रिंग धरते, हर्षाचा वॉशर, हर्षाले आवाजावरून समजते. माझं लेथचं काम हातात घेतात, बोट फिरवतात आणि म्हणतात, 'हे हर्षाले दाखव.' तीन वर्षं ऐकते आहे. मलाही कंटाळा येतो ऐकून."

ती उगीच बरं वाटावं म्हणून बोलत असेल का?

"मला त्यांनी का नाही सांगितलं?" मी विचारलं.

"ते तुम्ही त्यांनाच विचारा. आणि ठिपक्याचंही तुम्हीच सांगा. मी सांगणार नाही. पण रविवारच्या आत सांगा, ताई. बंदूक एकदा कपाटात गेली की बाबा पुन्हा हातात धरणार नाहीत."

२४ जानेवारी, शुक्रवार

सांगितलं.

सकाळी दहाला. हे त्यांच्या दुकानात गेले होते. मामाजी पुढच्या खोलीत, बंद दुकानात, बाकावर. मी समोर उभी राहिले आणि एका दमात म्हणाले, "मामाजी, तुमचा डोळा नाई चुकला. खाच मी सरकवली."

त्यांनी चेहरा माझ्याकडे वळवला. मग, "कवा?"

"गुरवारी. तुमी कटिंगले गेले होते तवा. मले वाटलं, तिनं चुकीची बसवली."

"किती?"

"काय किती?"

"किती सरकवली, म्हणतो!"

"सहा खटके. उजवीकडे."

त्यांनी बोटांवर मोजलं. "सहा खटके म्हंजे एक बोट. अन् माहे छर्रे किती गेले उजवीकडं?"

"एक बोटच."

"सगळे?"

मी पर्समधून पुठ्ठा काढून त्यांच्या हातात दिला. "सगळे. पाच रुपयाच्या नाण्याखाली झाकतीन, इतके जवळ."

स्पर्धेत त्यांना कोणी आकड्यापलीकडे काही सांगितलंच नव्हतं. दहा छर्रे एका ठिकाणी बसणं म्हणजे काय, ते मी त्यांच्याकडूनच शिकले. नेमबाज बरोबर आहे, खाच चुकली. पुठ्ठा माझ्या हातात होता आणि पाच दिवस मी ते वाचलं नाही.

मामाजी हसायला लागले. खांदे हलेपर्यंत. "एका जागी! अन् मी म्हणतो डोया गेला, डोया गेला!"

मग हसू थांबलं. चेहरा बदलला. "मले न सांगता काहून केलं?"

"मले तिचा हेवा वाटला." हे शब्द तोंडातून बाहेर पडताना फार लहान वाटले. "तुमी मले डोळ्याचं सांगतलं नाई. तिले सांगतलं."

"तुले सांगतलं असतं तं तुनं काय केलं असतं? सांग."

मी पुठ्ठ्याकडे पाहिलं.

"बंदूक लपवली असती. किल्लीवानी. माह्या भल्यासाठीच लपवली असती, मले मालूम हाय. पण लपवलीच असती."

खरंच लपवली असती. डोळ्याचं कळल्यावरही माझ्या मनात तेच येऊन गेलं होतं. आता हे सगळं बंद करावं, त्यांना जपावं.

"जाय आता," म्हणाले. "मले तुह्याशी बोलाचं नाई."

२५ जानेवारी, शनिवार

बोलले नाहीत. ताट नेलं, जेवले. पण ह्यांना सांगितलं, उद्या अकोल्याला जायचं नाही.

संध्याकाळी पुढच्या खोलीतून त्यांचा फोनवरचा आवाज आला. प्राजक्ताला सांगत होते, "पाच रुपयाच्या नाण्याखाली, पोरी! सगळे!" मला नाही, तिला सांगत होते. पुन्हा आत काहीतरी टोचलं. टोचलं, म्हणून लिहिते. गेलेलं नाही ते.

२६ जानेवारी, रविवार

नितेश आणि प्राजक्ता सकाळीच आले. मामाजींनी बंदूक धोतरातून सोडवली आणि माझ्या पुढ्यात ठेवली. मी सहा खटके डावीकडे घेतले. स्क्रू आवळला. ठिपका द्यायला बाटली काढली तर म्हणाले, "थांब. आधी पाहू."

अंगणात गेलो. प्राजक्ता तिची जागा घेईल म्हणून मी मागे थांबले. ती म्हणाली, "ताई, आज तुम्ही सांगा. माझा घसा बसला आहे." तिचा घसा चांगला खणखणीत होता.

मी मामाजींच्या डाव्या हाताला उभी राहिले. त्यांनी नळी वाकवली, छर्रा बोटानं चाचपून बसवला, गाल पट्टीवर टेकवला. बार झाला. मान माझ्याकडे वळली.

"जरासा उजवीकडे गेला," मी म्हटलं.

"ताई, जरासा नाही," प्राजक्ता मागून म्हणाली. "त्यांना जरासा कळत नाही. बोटं सांगायची, नाहीतर घड्याळाचे आकडे. तीनच्या दिशेला, अर्धं बोट."

तिच्याकडून शिकावं लागलं. कान गरम झाले, पण शिकले. "तीनला, अर्धं बोट," मी म्हटलं.

"हं," मामाजी म्हणाले. "आठवड्यात डोया अजून सरकला. तीन खटके अजून डावीकडं घे."

घेतले. दुसरा छर्रा. "मध्ये."

तिसरा. "मध्ये. दुसऱ्याला चिकटून."

चौथा वाईट गेला. खाली, डावीकडे, पुठ्ठ्यावरच्या काळ्या गोलाच्या पार बाहेर. एक क्षण मनात आलं, मध्येच म्हणावं. त्यांना कुठे दिसणार आहे. सात दिवसांत किती कोमेजले होते. जिभेवर आलं होतं.

"सातला," मी म्हटलं. "दीड बोट. काळ्याच्या बाहेर."

मामाजींनी नळी वाकवली. पाचवा छर्रा मारला. "मध्ये."

त्यांनी बंदूक मांडीवर घेतली आणि हात पुढे केला. "पुठ्ठा आण."

मी आणला. त्यांनी तो उजेडाकडे धरला नाही. डोळे मिटले आणि उजव्या हाताचा अंगठा पुठ्ठ्यावरून फिरवला, हळूहळू. उजवीकडचं भोक सापडलं, तिथे थांबले. मग मधली तीन, एकात एक गेलेली, ती अंगठ्यानं दोनदा चाचपली. मग अंगठा खाली खाली, डावीकडे, कोऱ्या पुठ्ठ्यावरून पार दीड बोट गेला आणि चौथ्या भोकाशी थांबला. तिथे बराच वेळ थांबला.

माझ्या शब्दावर त्यांचा विश्वास नव्हता. नसणारच. मी हात पदरात धरून उभी राहिले.

त्यांनी पुठ्ठा माझ्याकडे परत दिला.

"दुसरा लाव," म्हणाले.